'आय ॲम ॲग्री' कुठून येतं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

'शब्दांच्या जाती' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप असे: जाती घोकून कुणी इंग्रजी बोलायला शिकत नाही, इंग्रजीच्या तासाला मराठी आणली की मुलं भाषांतरातच अडकतात, जाती आठ असताना मी 'डिटरमायनर' (नामाआधी येणारे द, दिस, माय यांसारखे शब्द) ही नववी घुसडते, आणि क्रियाविशेषण ओळखायची मी दिलेली खूण चुकीची आहे. शेवटचा आक्षेप मान्य आहे, त्याकडे येतेच.

घोकंपट्टीबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरंच आहे. 'व्यक्ती, वस्तू, स्थळ यांचं नाव म्हणजे नाउन' हे पाठ असलेला मुलगा 'अरायव्हल'पाशी अडतो, कारण येणं ही त्याला क्रिया वाटते. आमच्या इंदुरात आणखी एक गुंता आहे. घरी मराठी, शाळेत हिंदी. शाळेत 'संज्ञा' शिकलेल्या मुलापुढे मी 'नाम' म्हटलं की त्याला हिंदीतलं नाम ऐकू येतं, म्हणजे फक्त माणसांची आणि गावांची नावं. टेबल त्यात बसत नाही. शाळेतली 'क्रिया' मराठी व्याकरणात 'क्रियापद' होते. म्हणून राजेंद्रनगरात घरी घेते त्या वर्गात मी नाउन, व्हर्ब हेच शब्द वापरते आणि व्याख्या सांगत नाही.

पण व्याख्यांबरोबर जातीही सोडून द्याव्यात, याच्याशी मी सहमत नाही. हा 'सहमत' शब्दच बघा. 'मी सहमत आहे' यात सहमत हे विशेषण, म्हणून त्याला 'आहे' लागतं. इंग्रजीत ॲग्री हा व्हर्ब. मूल तिन्ही शब्दांचे अर्थ बरोबर आणतं आणि वाक्य तयार होतं 'आय ॲम ॲग्री'. दहा वेळा दुरुस्त केलं तरी अकराव्यांदा तेच येतं. अर्थ त्याला ठाऊक आहे, त्या शब्दाचं वाक्यातलं काम त्याला कुणी दाखवलेलं नाही. 'मला राग आला' यात राग नाम आहे, इंग्रजीत तिथे अँग्री हे विशेषण लागतं. मुलं 'आय ॲम अँगर' म्हणतात. शब्द एका भाषेतून दुसरीत जाताना अर्थ बरोबर नेतो, जात नेईलच असं नाही.

सगळ्यात चिवट चूक 'डिस्कस अबाउट'ची, मोठी माणसंही करतात. आपण 'त्याविषयी चर्चा केली' म्हणतो. चर्चा हे नाम, त्याला 'विषयी' चालतं. इंग्रजीतही नामाला ते चालतं: 'अ डिस्कशन अबाउट इट' बरोबर. पण डिस्कस व्हर्ब झाला की कर्म थेट घेतो: 'वी डिस्कस्ड इट'. 'अबाउट लावू नका' एवढं सांगून मुलाच्या हाती एक सुटा नियम पडतो. जात दाखवली की अबाउट कुठे राहतं आणि कुठे गळतं, दोन्ही त्याला कळतं.

मराठी मध्ये आणू नका, असं तुम्ही म्हणता. सर, ती मी आणत नाही, ती आधीपासूनच तिथे असते. ज्या मुलाच्या कानावर घरीदारी दिवसभर इंग्रजी पडतं, त्याला या कशाची गरज भासणार नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना आठवड्यातले चारच तास मिळतात.

आणि मराठीचा उपयोगही होतो. 'अंगणात झाड आहे' आणि 'अंगण झाड', ही दोन्ही वाक्यं पहिलीतलं पोर अचूक समजतं. 'झाड' तेच, काम वेगळं. मी इथूनच सुरुवात करते आणि मग 'राउंड' घेते: 'अ राउंड टेबल'मध्ये विशेषण, 'द फर्स्ट राउंड'मध्ये नाम, 'राउंड द कॉर्नर'मध्ये प्रीपोझिशन, 'टर्न राउंड'मध्ये क्रियाविशेषण. 'मांजरीनं उंदराला पकडलं' हे शब्द कसेही फिरवा, कोणी कोणाला पकडलं ते प्रत्यय सांगतात. इंग्रजीत नामाला असे प्रत्यय जवळपास उरलेले नाहीत, तिथे जागेवरूनच काम ओळखावं लागतं.

आता आठ आणि नऊ. हा आकडा ग्रीकांकडून आला. दिओनिसिऑस थ्राक्सच्या नावावरच्या ग्रीक व्याकरणात जाती आठच आहेत, पण त्यांत आर्टिकल आणि पार्टिसिपल (क्रियापदापासून बनलेलं विशेषणासारखं रूप) आहेत, विशेषण वेगळं नाही. लॅटिनमध्ये आर्टिकलच नाही, म्हणून रोमन व्याकरणकारांनी ते वगळलं, केवलप्रयोगी धरलं, आणि आकडा आठच राहिला. आपल्याकडे 'निरुक्त'कार यास्कानं चार मानल्या, पाणिनीनं सुबन्त (नामासारखे विभक्तिप्रत्यय घेणारी) आणि तिङन्त (क्रियापदाचे प्रत्यय घेणारी) अशा दोनच प्रकारच्या पदांवर काम भागवलं. १९८५ साली निघालेल्या क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या मोठ्या इंग्रजी व्याकरणात डिटरमायनर हा स्वतंत्र वर्ग आहे. म्हणजे नववी जात मी काढलेली नाही. माझ्या मुलांना ती लागते, कारण मराठीत 'हे माझं पुस्तक हरवलं होतं' बिनधास्त चालतं आणि मुलं 'दिस माय बुक वॉज लॉस्ट' लिहितात. 'दिस' आणि 'माय' दोघांनाही विशेषण म्हटलं, तर ही चूक समजावता येत नाही, कारण 'बिग रेड बुक'मध्ये दोन विशेषणं शेजारी बसतातच. दिस, माय, द या सगळ्यांसाठी नामाआधी एकच खुर्ची असते, हे सांगितलं की मुलं स्वतःच एक शब्द खोडतात.

शेवटी 'ली'. 'ज्याच्या शेवटी ली, ते क्रियाविशेषण' असं मी लिहिलं होतं. फ्रेंडली, लोनली, लव्हली ही विशेषणं आहेत, आणि 'रन फास्ट'मधल्या फास्टला ली नसूनही ते क्रियाविशेषण आहे. तुमचं बरोबर आहे. ते वाक्य मी काल रात्री काढलं आणि तिथे वर्गात खरोखर विचारते तो प्रश्न घातला: हा शब्द वाक्यात कुणाबद्दल सांगतोय, नाउनबद्दल की व्हर्बबद्दल?