दोन वर्षांसाठी जात असलात तरी तिथे नीट राहा

गल्फला निघालेल्या पोराला आपल्याकडे सगळे एकच सल्ला देतात. मान खाली घालून काम कर, पैसे पाठव, कशात पडू नकोस, बघता बघता दोन वर्षं निघून जातील. गोव्यातलं डिचोली घ्या, पेडणे घ्या, सत्तरी घ्या, प्रत्येक घरातले मामा-काका हेच सांगतात. मायेपोटीच सांगतात, त्याबद्दल शंका नाही. पण ओमानच्या राजधानीत, मस्कतला, एसी मेंटेनन्समध्ये काही वर्षं काढून घरी परतलेला माणूस म्हणून मी ठामपणे सांगतो, हा सल्ला चुकीचा आहे. पोरं खचतात त्याने.

आमच्या खोलीत एक मुलगा होता, आपल्याच बाजूचा. त्याने आल्या दिवशी भिंतीला कॅलेंडर लावलं आणि रोज रात्री तारखेवर काट मारायला लागला. त्याने उशी घेतली नाही. जायचंच आहे ना परत, मग कशाला, म्हणायचा. टॉवेलची घडी डोक्याखाली घेऊन झोपायचा. शुक्रवारी सगळे बाहेर पडले की हा पडून मोबाईल बघायचा. गावातल्या जत्रेचे व्हिडिओ, कुणाच्या लग्नाचे फोटो. वर्षभरात त्याची तब्येत उतरली, बोलणं कमी झालं आणि करार अर्धवट सोडून तो परत आला. घरच्यांना वाटलं काम झेपलं नाही. काम त्याला उत्तम येत होतं. माणूस इतके महिने आपलं जगणं बाजूला ठेवून नुसता थांबून राहू शकत नाही, एवढंच झालं होतं.

म्हणून निघालेल्या प्रत्येकाला मी सांगतो, पहिला पगार झाला की स्वतःसाठी उशी घ्या, चांगली चादर घ्या, आवडीचा पेला घ्या. मागे सोडून यावं लागलं तरी चालेल.

पैशांचंही तसंच. मस्कतला उतरल्यापासून आपला माणूस प्रत्येक गोष्टीचे रुपये करतो. ओमानी रियालाचे १००० बैसा, आणि एक रियाल म्हणजे दोनशेहून जास्त रुपये. मग शंभर बैसांचा करक, म्हणजे तिथला दाट दुधाचा चहासुद्धा घशाखाली उतरत नाही. रियाल १९८६ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका रियालाला साधारण २.६० डॉलर. त्यामुळे रुपया घसरला की इकडे पाठवलेली रक्कम आपोआप फुगते, आणि तिकडे चहा पिणं आणखीच जिवावर येतं. यावर मला एकच उपाय पटला. पगाराच्या दिवशी घरी पाठवायचे ते ठरलेले पैसे आधी पाठवून द्यायचे. उरले ते तिथले. त्यांचे रुपये करायचे नाहीत. त्यातून फळं घ्या, मासे घ्या, महिन्यातून एकदा कुठेतरी फिरून या.

मासळीवर थोडं जास्त लिहितो, कारण गोंयकाराचा जीव तिथेच अडकतो. मस्कतमधल्या मत्राच्या बंदरावर मासळी बाजार आहे, समुद्राला लागूनच. सकाळी लवकर गेलात तर आपली इसवण आडवी पडलेली दिसेल. तिला तिथे कनद म्हणतात. तारलेही भरपूर. कापून, साफ करून देणारे बाजूलाच बसलेले असतात, त्यांना तुकडे किती जाड हवे ते हाताने दाखवायचं. आपल्याकडे मासेमारी बंद असते १ जून ते ३१ जुलै. तिथे इसवणीला बंदी १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर, म्हणजे इकडे बोटी समुद्रात गेल्या की थोड्याच दिवसांत तिकडची इसवण बंद. हे एकदा अंगवळणी पडलं की त्या देशाचं वर्ष कसं चालतं ते कळायला लागतं. नारळ सलालाहून येतो. सलाला मस्कतपासून हजारेक किलोमीटर, पण जून ते सप्टेंबर तिथे पावसाची झड असते, डोंगर हिरवेगार होतात, रस्त्याच्या कडेला शहाळी आणि केळी विकायला बसलेले असतात. मी गेलो तेव्हा गाडीतून उतरलो आणि कितीतरी वेळ नुसता भिजत उभा राहिलो. ज्यांना जमेल त्यांनी एकदा तरी जावं. उकडा तांदूळ केरळवाल्यांच्या दुकानांत मिळतो, थोडा वेगळा पण चालतो. सोलं मात्र घरूनच न्या.

उन्हाळ्याचं एक गुपित तिथे गेल्याशिवाय कुणी सांगत नाही. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यापासून इतकं तापतं की थंड पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही. तेव्हा गिझरचा स्विच बंद करून टाकायचा. गिझरची टाकी बाथरूमच्या आत, एसीच्या गारव्यात असते, तिच्यात साठलेलं पाणी निवतं. मग अंघोळ गरम पाण्याच्या नळाने करायची, पण टाकी लहान, त्यामुळे चार जणांच्या खोलीत वेळा वाटून घ्याव्या लागतात. बाहेर उन्हात काम असेल तर जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन काम बंद ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. हे माहीत असू द्या, आणि मुकादम विसरला तर आठवण करून द्या.

माणसांविषयी. आपल्यातले बरेचजण सगळी वर्षं भारतीयांच्याच खोलीत, भारतीयांच्याच दुकानात घालवतात, आणि परत येऊन अरब असे नि अरब तसे म्हणून सांगतात. मला याचा राग येतो. मत्रात कच्छी व्यापाऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्या गेल्या आहेत. जुन्या मस्कतमध्ये महादेवाचं मंदिर आहे, दारसैतला कृष्णाचं. कित्येक म्हातारे ओमानी सरळ हिंदीत बोलतात. तुम्ही चार शब्द अरबीत बोललात, कैफ हालक म्हणून तब्येत विचारलीत, की समोरचा माणूस खुलतो. कामावर गेलो की घरमालक आधी कहवा, म्हणजे तिथली कॉफी, पुढे करायचा. लहानशा कपात अगदी तळाशी ओततात, सोबत खजूर नाहीतर हलवा. कप उजव्या हातात घ्यायचा. रिकामा झाला की पुन्हा भरतात. पुरे झालं की कप हलकासा इकडे-तिकडे हलवून परत द्यायचा, तोंडाने काही बोलावं लागत नाही. रमजानात दिवसा उघड्यावर खाणं-पिणं चालत नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. पण संध्याकाळी रोजा सुटताना तेच लोक रस्त्यात थांबवून खाऊ घालतात.

गाडी चालवता येते म्हणून निश्चिंत राहू नका. आपलं लायसन्स तिथे धरत नाहीत, आणि गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. पत्र्याच्या पिंपांमधून गाडी उलटी घ्यायची परीक्षा, मग चढावर, मग पोलिसाला शेजारी बसवून रस्त्यावर. इथे वर्षानुवर्षं गाडी हाकलेले लोक पहिल्यांदा नापास होतात. तरी लायसन्स काढाच, त्याने पगारही वाढतो आणि शुक्रवारही आपला होतो.

मला ठाऊक आहे, कॅम्पात राहणाऱ्या, बसने साइटवर नि बसने परत अशा कामगाराला यातलं निम्मंही सहज मिळत नाही. त्याला नुसतं फिर म्हणणं बरोबर नाही. त्याच्यासाठी कागद आधी. ओमानसाठी दहावी न झालेल्यांना एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी कामाला जायची सरकारी परवानगी लागते, ती ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून होते. एजंट तिथे नोंदणी झालेला आहे का ते बघा. त्याला सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. व्हिजिट व्हिजावर कामाला कधीही जाऊ नका, कोण कितीही जवळचा सांगत असला तरी. करार सही करण्याआधी वाचा, त्याचा फोटो घरी पाठवून ठेवा. २०२३ च्या ओमानी कामगार कायद्याप्रमाणे तुमच्या लेखी संमतीशिवाय मालकाला तुमचा पासपोर्ट ठेवता येत नाही, आणि नोकरी संपल्यावर दर वर्षामागे एका महिन्याचा मूळ पगार एवढी ग्रॅच्युइटी तुमच्या हक्काची आहे. करार पूर्ण झाला की दुसरीकडे जायला जुन्या मालकाची एनओसी (ना-हरकत पत्र) २०२१ पासून लागत नाही. अडचण आली तर दूतावासात जायला घाबरू नका, अडकलेल्या भारतीयांसाठी तिथे कल्याण निधी आहे. हे कागद खिशात असले की माणूस ताठ उभा राहतो, आणि मग आजूबाजूला बघायची उमेद येते.

आता घरच्यांसाठी. तुम्ही रविवारी दुपारी सगळे जमून फोन लावता, पण तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी आठवडा सुरू होतो. तुमचा पोरगा तेव्हा कुणाच्या तरी गच्चीवर कॉम्प्रेसर उघडून बसलेला असतो. शुक्रवारी सकाळी फोन करा, घड्याळ तिथे दीड तास मागे आहे एवढं लक्षात ठेवून. जेवलास काय हे विचाराच, पण या आठवड्यात कुठे गेलास, कोण भेटलं, हेही विचारा. तो मजा करतोय असं वाटून तोंड वाकडं करू नका. शेजाऱ्याच्या मुलाने किती पाठवले ते त्याला ऐकवू नका. स्लॅबचा खर्च, बहिणीचं लग्न, बँकेचा हप्ता, हे सगळं बोलायला महिन्यातला एक वेगळा दिवस ठरवून ठेवा, आणि बाकीच्या फोनवर पैशांचा विषय काढू नका.