चहा-मोरचुदाची पट्टी एलपीजी पकडत नाही

गेल्या रविवारी कोथरूडला आत्याकडे गेले, तर स्वयंपाकघरातला गॅसचा अलार्म जागेवर नव्हता. त्याऐवजी ओट्याच्या वर, एक्झॉस्टच्या शेजारी, सेलोटेपने चिकटवलेली तपकिरी कागदाची पट्टी.

"आत्या, हे काय गं?"

"तुझ्याच लायनीतलं आहे की! नोबेलवालं. तो अलार्म मेला फोडणी टाकली की कोकलायचा. याला वीजसुद्धा लागत नाही."

आत्याला कोविड झाल्यापासून वास येत नाही. एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन मिसळतात. तेही तिच्या नाकापर्यंत पोहोचत नाही. गळती कळायचा तिच्याकडे एकच मार्ग होता आणि तो तिने कपाटात टाकला होता. म्हणून हे लिहिते आहे.

या पट्टीची कृती सांगणारा मेसेज तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅप गटात आला असेल. थोडक्यात असा: 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेला 'छिद्रांचा स्पंज' घरी बनवा. कडक कोऱ्या चहात मोरचूद (तांब्याचं निळं मीठ) घाला, ब्रशने कागदावर दोन हात द्या, वाळवा. एलपीजी, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, कुठलाही गॅस आला की पट्टी काळी पडते आणि मल्टिमीटरवर आकडा बदलतो. कंपन्या हे तुमच्यापासून लपवतात. सोबत व्हिडिओ, त्यात एक जण पट्टीवर फुंकर मारतो आणि आकडा धाडकन खाली येतो.

पाषाणच्या एका प्रयोगशाळेत मी सात वर्षं अशाच पदार्थांच्या पातळ फिल्म बनवल्या आहेत.

नोबेलचं आधी उरकते. ते सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमार याघी यांना मिळालं, धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून छिद्रांच्या चौकटी उभारण्याच्या कामासाठी. या चौकटींना मॉफ म्हणतात. बहुतेक मॉफमधून वीज वाहतच नाही. वीज वाहणारे, म्हणून सेन्सरला चालणारे, थोडेच आहेत.

आता चहा. यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. वीज वाहणाऱ्या मॉफमध्ये एचएचटीपी नावाचा सपाट रेणू वापरतात. त्याच्या कडेला शेजारी शेजारी हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचे) गट असतात आणि त्या जोड्या तांब्याला धरून ठेवतात. चहातल्या पॉलिफेनॉलमध्येही तशा जोड्या असतात, त्यामुळे चहा तांब्याला धरतो हे खरं. पण विटा आणि सिमेंट एकत्र ओतलं की भिंत होत नाही. चहात डझनभर वेगवेगळे रेणू, कुणाचा आकार कुणाशी जुळत नाही. मिळतो तो नुसता गाळ. त्यात ओळीने लागलेली छिद्रं नाहीत आणि इलेक्ट्रॉनला धावायला सलग वाटही नाही.

मग व्हिडिओत आकडा का बदलतो? सोमवारी मी तीच पट्टी घरी केली. दोन चमचे चहा, चिमूटभर मोरचूद, ड्रॉइंगचा कागद. वाळल्यावर मल्टिमीटरच्या पिना सेंटिमीटरभर अंतरावर टेकवल्या, तर रोध मेगाओममध्ये, म्हणजे वीज जवळपास वाहतच नव्हती. फुंकर मारली, झटक्यात खाली आला. कुकरची शिट्टी झाली तेव्हा पट्टी वाफेजवळ धरली, आणखी खाली. मग गॅलरीत जाऊन लायटर न पेटवता त्यातला गॅस पट्टीवर सोडला. लायटरमध्ये ब्युटेन असतो, एलपीजीतही प्रोपेन-ब्युटेनच. आकडा हलला नाही आणि पट्टी काळीही पडली नाही. श्वासात ओलावा असतो, कागद तो पितो, मोरचुदाचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, त्यात फिरायला लागतात. जुलैतल्या पुण्यात ही पट्टी दिवसभर 'गॅस' दाखवेल आणि खरी गळती झाली की गप्प बसेल.

आणि 'कुठलाही गॅस' हा तर शुद्ध घातक खोटेपणा आहे. 2015 साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या गटाने तांबं आणि एचआयटीपी यांच्या मॉफचा सेन्सर केला. एचआयटीपी म्हणजे एचएचटीपीचा नायट्रोजनवाला भाऊ. त्या सेन्सरने अर्धा पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत अर्धा भाग, अमोनियासुद्धा पकडला. मग चौकट तीच ठेवून तांब्याच्या जागी निकेल घातलं, तर अमोनियाला प्रतिसादच दिसला नाही. एक धातू बदलला की कामच बंद! हे पदार्थ इतके निवडक असतात. ज्या गॅसची मॉफशी इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण होते तो सहज कळतो: अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड, नायट्रिक ऑक्साइड. प्रोपेन-ब्युटेन हे आळशी रेणू, साध्या तापमानाला कुणाशी व्यवहार करत नाहीत. म्हणूनच घरातल्या बऱ्याच अलार्ममध्ये टिन ऑक्साइड काहीशे अंशांपर्यंत तापवून ठेवावं लागतं. जपानच्या तागुची यांनी 1962 मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते लपवलेलं नाही, दुकानात मिळतं. फोडणीच्या धुराला ते कोकलतं ही आत्याची तक्रार खरी आहे, पण वीज खातं ते याच कामासाठी.

साध्या तापमानाला, नगण्य विजेवर चालणं हा वीज वाहणाऱ्या मॉफचा खरा गुण आहे. कागदावरचे सेन्सरही खोटे नाहीत. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात मॉफ आणि ग्रॅफाइट दळून, दाबून त्याची पेन्सिलसारखी कांडी केली आणि तिने कागदावर रेघ ओढून सेन्सर बनवला. एमआयटीचा सेन्सरही पावडरीचे थेंब टाकूनच केलेला, पण ती पावडर स्फटिकांची होती आणि खाली सोन्याचे इलेक्ट्रोड होते. ब्रशचं म्हणाल, तर चहाचा थेंब बशीत वाळला की कडेला गडद कडं उरतं आणि मधे फिकट, तसंच फिल्मचं होतं. एकसारखी फिल्म हवी तर काच आधी तांब्याच्या द्रावणात, मग धुणं, मग एचएचटीपीत, पुन्हा धुणं, अशा फेऱ्या. एका फेरीत थर चढतो काही नॅनोमीटरचा. धुण्यात हयगय झाली की सॅम्पल ठिपक्याठिपक्यांचं येतं आणि दिवस वाया जातो. हे मी कितीदा भोगलंय.

कार्बन मोनॉक्साइडचं नाव त्या मेसेजात ज्याने घातलं त्याच्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने माणसं मरतात. या गॅसला ना रंग ना वास. तिथे कुणी चहाचा कागद लावून निर्धास्त आंघोळीला गेलं तर?

आत्याची पट्टी मी काढली. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो आणि हवेत साधारण 2 टक्के झाला की ठिणगी पुरते. म्हणून अलार्म आता सिलिंडरच्या बाजूला, फरशीपासून वीतभर उंचीवर लावलाय. शेजारच्या फ्लॅटमध्ये पाइपचा गॅस आहे; तो मिथेन, हलका, त्यांचा अलार्म छताजवळच हवा, हेही सांगून आले. गळतीच्या तक्रारीचा 1906 नंबर आत्याने स्वतःच्या हाताने कॅलेंडरवर लिहिला, आणि फोडणीच्या वेळी एक्झॉस्ट लावायचं कबूल केलं.