जिन्यातला मी आणि अंगणातला माड

आमच्या इमारतीची मोटर बंद पडली तो रविवार होता, हे सांगायला नकोच. एरवी बिघडायचं तिच्या स्वभावात नाही. खालच्या टाकीला कुलूप, कुलपाची किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी लग्नाला नाशिकला. प्लंबर दोन दिवस 'निघालोच' म्हणत घरीच होता. उरला अंगणातला नळ, सकाळी तासभर येणारा. मी राहतो चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. 72 पायऱ्या आहेत. पूर्वी माहीत नव्हतं, आता झोपेतही मोजतो.

तिसऱ्या खेपेला दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी बादली टेकवून बसलो. समोर खिडकीत माड. त्याचा शेंडा आमच्या गच्चीच्याही वर, आणि तिथे शहाळ्यांचे घड लोंबताहेत. म्हणजे आमची टाकी कोरडी आणि त्याच्याकडे वरच्या मजल्यावर गोड पाण्याचा साठा!

"मोटर गच्चीवर न्या," तिसऱ्या मजल्यावरचे नाना वरून म्हणाले. "वरून सरळ ओढून घेईल."

सुट्टीला आलेली माझी भाची वनस्पतिशास्त्र शिकते. बादलीला मात्र तिने अजून हात लावला नव्हता. ती म्हणाली, "नाना, पंप फक्त नळीतली हवा काढतो. पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा, आणि तिचा जोर दहा मीटरपर्यंतच. गच्ची पंधरा मीटरवर आहे."

"मग हा कसा ओढतो?" नानांनी माडाकडे बोट केलं.

इतक्या वर्षांत नानांचा पहिलाच रास्त प्रश्न. भाचीने पदर खोचला (जीन्सवर होती, पण आविर्भाव तोच). पानांच्या रंध्रांतून पाणी वाफ होऊन उडतं, त्याच्या ओढीने मागचं पुढे सरकतं. पाण्याचे कण एकमेकांना असे घट्ट धरून असतात, की केसाहून बारीक जलवाहिन्यांत मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याची सलग दोरीच ताणलेली असते. ऊन ती दोरी वर खेचतं. डब्लिनच्या डिक्सन आणि जॉली या दोघांनी 1894 साली हे मांडलं. वीजबिल शून्य.

"आणि मुळांनी घेतलेल्या 100 लिटरांतलं 95च्या वर हवेत जातं."

"म्हणजे गळती!" नाना उजळले. गळती म्हटलं की त्यांना मीटिंग दिसते.

"आणि गंमत म्हणजे जलवाहिन्यांच्या पेशी मेलेल्या असतात."

मला यात काही गंमत वाटली नाही, उलट पटलंच. जिवंत असत्या तर मधल्या मजल्यावरच्या एखादीने 'आधी माझी बादली' म्हणून पाणी अडवलं असतं. नानांना मात्र ते रुचेना. जिवंत पेशीच ठोके देत पाणी वर चढवतात, असं आपल्या जगदीशचंद्र बोसांचं मत होतं, हे कळताच त्यांनी देशाभिमानाने बोसांची बाजू घेतली. विष पाजून पेशी मारल्या तरी खोडातून पाणी चढत राहतं, असं एका जर्मन शास्त्रज्ञाने आधीच दाखवलं होतं, हे सांगून उपयोग झाला नाही. नाना म्हणाले, जर्मन काय, काहीही दाखवतील.

जिवंत असतात त्या रसवाहिन्या. पानांत तयार झालेली साखर त्या वर फळांना देतात, खाली मुळांनाही. जलवाहिनीला फक्त वर जाणं ठाऊक. थोडक्यात, रविवारपासून मी जलवाहिनी होतो; मेल्यासारखं का वाटत होतं, त्याचाही उलगडा झाला.

मंगळवारी संध्याकाळी प्लंबर उगवला. मोटरीला कान लावून म्हणाला, "हवा धरलीय."

झाडांनाही हा आजार होतो म्हणे. दोरी फार ताणली की मध्येच बुडबुडा येतो आणि ती नळी निकामी होते. पाणी शेजारच्या नळीने वाट काढतं. माडाची तर कमाल आहे. त्याचं खोड नंतर जाड होत नाही, नव्या नळ्या घातल्या जात नाहीत, म्हणून लहानपणीच्याच नळ्या जन्मभर पुरवायच्या. आमच्या मोटरीची हमी एका वर्षाची होती.

"बादलीभर पाणी आणा," प्लंबर म्हणाला. "वरून ओतलं की उचलेल."

नळ सकाळीच गेलेला. टाकीला कुलूप. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग हळूहळू माझ्याकडे. सकाळी चार बादल्या वर नेताना मला सगळ्यांनी पाहिलं होतं.

भरलेली बादली घेऊन मी 72 पायऱ्या उतरू लागलो. वरून भाचीचा आवाज आला, "मामा, बढती मिळाली! आता तू रसवाहिनी!"