चालायचंच असेल तर खारपाणपट्ट्यात चाला

"चालून कोणाची किडनी सुधरली, मले एक माणूस दाखवा," ऑटोवाला दादा म्हणाला, आणि अकोल्यातल्या आमच्या जठारपेठेच्या कट्ट्यावर त्या संध्याकाळी दुसरा विषय निघालाच नाही.

निमित्त एका पत्रकाचं. जागतिक मूत्रपिंड दिन मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी असतो. त्याला लागून येणाऱ्या रविवारी शहरात 'किडनी वॉक' ठेवलाय. सकाळी साडेसहाला सुरुवात, ३ किलोमीटर, नोंदणी २०० रुपये. त्यात टी-शर्ट, नाश्ता आणि प्रमाणपत्र. उरलेले पैसे गरजू रुग्णांच्या डायलिसिसला. मेडिकलवाल्या भाऊंनी पत्रक दुकानातून आणलं होतं आणि सगळ्यांनी नावं द्यावीत असा त्यांचा आग्रह होता.

दादाचा राग उगाच नव्हता. आठवड्यातले तीन दिवस त्याच्या ऑटोत डायलिसिसला जाणारी माणसं असतात. त्यातली एक बाई शिलाईकाम करते. "चार तास मशीनवर पडते. बाहेर आली की पायरी उतरता येत नाई तिले. डायलिसिस योजनेतून फुकट होते, बराबर हाय. पण माह्या ऑटोचं भाडं कोणत्या योजनेत बसते? संग येणाऱ्या नवऱ्याची मजुरी बुडते, ते कोण देते? मी अर्धंच भाडं घेतो, तरी महिन्याचा हिशोब करा. अन् हे लोक टी-शर्ट वाटून रायले."

भाऊ म्हणाले, योजनेला कमी लेखू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आहे, किडनी प्रत्यारोपणही आहे. प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख करायचा निर्णय २०२३ मध्ये झाला. "हे पेशंटच्या घरच्यांनाच माहीत नसतं. वॉकमध्ये एवढं जरी लोकांच्या कानावर पडलं तरी माझे २०० रुपये वसूल."

मग त्यांनी स्वतःच्या काउंटरवरची गोष्ट सांगितली. सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी सुरू झाली की दिवसभर उन्हात वाकलेली माणसं संध्याकाळी दुकानात येतात. अंग दुखते, गोळी द्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नाव घेऊन मागतात. अंगातलं पाणी कमी झालेलं, त्यात बीपी किंवा शुगर असेल तर या गोळ्या किडनीवर थेट घाव घालतात. "मी चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. चाळीस वर्षांचा माणूस रोज दोन गोळ्या खातो आणि त्याला कोणी सांगितलेलं नसतं. जनजागृती म्हणतात ती हीच ना?"

"पण तो माणूस तुमच्या वॉकले येतच नाई ना भाऊ," दादा म्हणाला. "येणार कोण? ज्याईच्या घरी आरओ हाय ते."

यावर भाऊंकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नव्हतं.

सर इतका वेळ पत्रकावरचा मार्ग बघत होते. भूगोल शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. म्हणाले, "अकोल्याच्या माणसाला चालणं शिकवायची गरज नाही. श्रावणात गांधीग्रामला पूर्णा नदीचं पाणी भरायचं आणि कावड खांद्यावर घेऊन राजराजेश्वराला आणायची, अठरा किलोमीटर, अनवाणी. शेगावला पायी जाणारी घरं तर प्रत्येक गल्लीत आहेत. चालायला माझी ना नाही. पण शहरातून निघून शहरातच परत यायचं हे मला पटत नाही. दुखणं आहे तिकडे पाऊल नको का वळायला?"

दुखणं कुठे आहे ते कट्ट्यावर कोणाला सांगावं लागलं नाही. पूर्णेच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा. गाळाची खोल काळी जमीन, पाण्याचा निचरा कमी, जमिनीत क्षार साठलेले. विहीर खणा की बोअर मारा, पाणी खारं. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत असं भारतीय मानक सांगतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या म्हणतं. या पट्ट्यात त्या शेवटच्या रेषेपलीकडच्या विहिरी आहेत आणि माणसं ते पाणी पीत आली आहेत. तेल्हारा, बाळापूर, संग्रामपूर या भागातल्या किडनीच्या रुग्णांच्या बातम्या आम्ही वर्षानुवर्षे वाचतोय.

गजू तेल्हारा तालुक्यातला. इथे मार्केटात अडत्याकडे कामाला आहे. तो फार बोलत नाही, त्या दिवशी बोलला. त्याच्या मोठ्या भावाचं डायलिसिस सुरू आहे.

"डायलिसिसच्या सुईसाठी नसा जोडून हातात फिस्टुला केला हाय त्याच्या. बोट ठेवलं का आतून थरथर लागते, मांजर घुरघुरते तशी. माही लहान पोरगी रोज हात लावून पायते, चालू हाय का म्हणून. सकाळी वयनी बाटलीवर पेनानं रेघ मारून देते, दिवसभराचं पाणी तेवढंच. चहा बी त्यातच मोजाचा. मे महिन्यात आपल्याकडं पंचेचाळीसच्या वर जाते, तवा तो बरफाचा खडा तोंडात धरून बसते. दोन डायलिसिसच्या मंधात वजन जास्त वाढलं का सिस्टर रागावते. भेटाले येणारा माणूस नारळपाणी घेऊन येते, तेबी त्याले पेता येत नाई."

नारळपाण्याचं ताईंनी लगेच समजावलं. ताई शहरातल्या एका डायलिसिस युनिटमध्ये सिस्टर आहेत, ड्युटी संपवून घरी जाताना अधूनमधून कट्ट्यावर थांबतात. नारळपाण्यात, केळ्यात, संत्र्यात पोटॅशियम भरपूर असतं. बाद झालेली किडनी ते बाहेर टाकू शकत नाही आणि रक्तात ते वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. त्यांच्या युनिटबाहेर प्रेमानं आणलेली शहाळी रोज परत पाठवावी लागतात. वॉकमध्ये भाषणांऐवजी एवढं एक सांगितलं तरी चालेल, असं त्या म्हणाल्या.

मग सरांनी ताईंना विचारलं, एका डायलिसिसला मशीनला पाणी किती लागतं? मिनिटाला साधारण अर्धा लिटर, ताई म्हणाल्या. चार तास. सरांनी गुणाकार करून सांगितला, १२० लिटर. तेही साधं नाही, आरओतून काढलेलं, क्षार काढून टाकलेलं, रोज तपासलेलं.

"म्हंजे," गजू म्हणाला, "माह्या भावाच्या मशीनले एका टायमाले एकशे वीस लिटर चांगलं पाणी भेटते. त्यातलं घागरभर त्याले आधीच भेटलं असतं तं?"

इथून चर्चा खरी पेटली. कारण ताईंनी त्याला तिथेच थांबवलं. "पाण्यानंच झालं, असं मी म्हणणार नाही गजूभाऊ. आमच्याकडे खारपाणपट्ट्यातले पेशंट आहेत तसे काटेपूर्णा धरणातलं नळाचं पाणी पिणारे शहरातलेही आहेत. शुगर आहे, बीपी आहे, भाऊ सांगतात त्या गोळ्या आहेत, उन्हातली मेहनत आहे, मुतखडा दुर्लक्षित राहिलेला असतो. तुमच्या भावाचं बीपी किती वर्षं तपासलंच नव्हतं?"

"तपासाले होतं कोण तिथं?" गजूचा आवाज चढला. "तुम्ही लोक पाण्याचं नाव घेतच नाई. सारं आमच्यावरच ढकलता. गोळी खाल्ली, बीपी नाई पायलं. पाणी कोणं पाजलं ते?"

ताई शांतपणे म्हणाल्या, की पाणी खराब आहे हे त्यांनाही मान्य आहे. पण कारण म्हणून बोट ठेवायचं तर गावागावातले रिपोर्ट हातात हवेत.

मला ताईंचं म्हणणं पटलं आणि गजूचा रागही रास्त वाटला. नेमक्या कारणावरून जाणकारांत मतभेद आहेत, ते असू देत. खारं पाणी माणसाला पाजू नये यासाठी ते सिद्ध होईपर्यंत थांबायचं कारण नाही, आणि तपासणीसाठी तर अजिबातच नाही. उलट तपासणी झाल्याशिवाय कारण कळायचं तरी कसं? किडनीचा आजार मुका असतो. किडनीचं निम्मं काम बंद पडलं तरी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, फारसं हलत नाही. पायावर सूज, मळमळ, धाप सुरू होते तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. लघवीतून प्रथिनं जायला लागतात ती त्याच्या कितीतरी आधी, आणि ते ओळखायला लघवीत बुडवायची साधी पट्टी पुरते. पट्टी, बीपीचं यंत्र आणि जिथे शंका येईल तिथे क्रिएटिनिन. एवढं गजूच्या भावाला दहा वर्षांपूर्वी मिळालं असतं तर बीपीच्या गोळीवर त्याची किडनी आणखी किती वर्षं चालली असती, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

म्हणून मी म्हटलं, वॉकला जाऊ, पण मागणी घेऊन जाऊ. सरांनी २०२३ च्या एप्रिलची आठवण काढली. बाळापूरचे आमदार नितीन देशमुख खारं पाणी घेऊन अकोल्याहून नागपूरला पायी निघाले होते आणि नागपूरजवळ पोलिसांनी त्यांना अडवलं होतं. दादा म्हणाला, ते राजकारण होतं. असेल. पण ते चालणं आजही कट्ट्यावर निघतं, कारण त्याच्यासोबत पाणी होतं आणि मागणी होती. बॅनरवर 'किडनी वाचवा' लिहून काय मागायचं आणि कोणाकडे?

भाऊंना हे फारसं आवडलं नाही. आयोजक डॉक्टर मंडळी आहेत, मागण्या-बिगण्या आल्या की पुढच्या वर्षी कोणी पुढे येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. चांगल्या कामात खोट काढू नये. त्यांचा हा मुद्दा मी सोडून देत नाही. अशा कामाला वेळ देणारी माणसं मुळात थोडी, त्यांना दुखवून काही मिळत नाही. पण सूचना म्हणजे खोट काढणं नव्हे. जे २०० रुपये देतात त्यांनी पैसे कुठे जावेत हे नम्रपणे सांगावं, यात कोणाचा अपमान होत नाही.

शेवटी भाऊंनीच तिथून आयोजकांना फोन लावला. आम्ही तीन गोष्टी सांगायच्या ठरवल्या होत्या. टी-शर्ट नको असेल त्याला तसं नोंदवता यावं आणि ते पैसे लघवी तपासायच्या पट्ट्यांना जावेत. जमलेल्या पैशातला काही भाग रुग्णांच्या येण्याजाण्याच्या भाड्याला राखून ठेवावा, कारण डायलिसिसचा खर्च योजना उचलते आणि माणूस अडतो तो भाड्यावर. पैसे नाहीत म्हणून एक खेप चुकली की अंगात पाणी साठतं आणि रात्री धाप लागून पेशंट तातडीच्या विभागात येतो, हे ताईंनी पाहिलंय. आणि वॉकनंतरच्या महिन्याभरात खारपाणपट्ट्यातल्या एका तरी गावात तपासणी व्हावी.

फोनवरचे डॉक्टर ऐकून घेणारे निघाले. टी-शर्टचं लगेच मान्य केलं. भाड्याच्या पैशाबद्दल समितीत बोलतो म्हणाले, हिशोब ठेवायला अवघड जाईल ही त्यांची शंका. दादा मागून ओरडला, "हिशोब मी ठेवतो म्हणा त्याईले, पावतीबुक घेऊन!" गावातल्या तपासणीला त्यांची तयारी आहे, पण माणसं गोळा करून देणारं कोणी हवं.

दादा वॉकला यायला अजूनही तयार नाही. रविवारी सकाळी स्टेशनचं भाडं असतं, ते सोडून तीन किलोमीटर चालण्यात त्याला अर्थ वाटत नाही, आणि मी त्याला आग्रह केला नाही. भाऊ, सर आणि मी नावं देणार आहोत. ताईंची ड्युटी आहे. चालणाऱ्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकानं त्याच सकाळी बीपी आणि लघवी तपासून घ्यावी असा ताईंचा हट्ट आहे. सरांनी इतक्या वर्षांत तपासलं नाही हे कळल्यावर त्यांनी सरांनाच पहिला नंबर दिला.

गावाचं मात्र गजूनं अंगावर घेतलं. पहिलं गाव त्याचंच. ताईंनी त्याला समजावून सांगितलं, सकाळची पहिली लघवी चांगली, त्यामुळे बाटल्या आदल्या दिवशी घरोघर पोचल्या पाहिजेत, प्रत्येकीवर नाव आणि वय. बाया लाजतात, म्हणून बाटल्या वाटायला गावातल्या आशा सेविका सोबत हव्यात. सर गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी खोलीसाठी बोलणार आहेत. वावरातली कामं आटोपलेला आठवडा कोणता, ते गजू भावाला विचारून सांगेल. विहिरींचं पाणीही त्याच दिवशी बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत द्यायचं, म्हणजे दोन्ही रिपोर्ट एकाशेजारी एक ठेवता येतील.