खिशातला कापूर

परवा संध्याकाळी बडोद्यात खंडेराव मार्केटमधून दूर्वा, पत्री घेऊन भाच्याच्या अॅक्टिव्हावर मागे बसून दांडिया बाजारला परतत होतो. वाटेत चेकिंग. (कुठलं ते लिहीत नाही, उगाच कुणाची बदली व्हायची.) भाच्याने लायसन्स, आरसी, पीयूसी सगळं दाखवलं. कागद चोख. मग हवालदार माझ्याकडे वळला. "काका, नीचे ऊतरो ने. हाथ ऊंचा करो."

वय 63. भर रस्त्यात दूर्वांची जुडी वर धरून उभा. त्याने दोन्ही कुशींवरून हात फिरवला, सदऱ्याच्या खिशात बोटं घातली आणि कागदाची पुडी काढली. आत पांढरे खडे. "आ शुं छे?" म्हटलं, वास घे. त्याने घेतला, शिंकला, आणि हसून म्हणाला, "जाओ काका." भीमसेनी कापूर होता.

हसून सोडून देता आलं असतं. पण घरी येऊन कायदा काढून बसलो. मोटर वाहन कायद्याचं कलम 130 म्हणतं, गणवेशातल्या पोलिसाने मागितलं तर लायसन्स दाखवायचं. कुणी? चालकाने. मागच्याचा संबंध कलम 129 शी, म्हणजे हेल्मेटशी. (माझ्या डोक्यावर नव्हतं. त्याची पावती फाडली असती तर निमूट पैसे दिले असते. ते मात्र कुणी विचारलंच नाही!) नागरिक सुरक्षा संहितेचं (म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम 49 अंगझडती देतं, पण अटक झाल्यावर. अमली पदार्थांच्या कायद्यात सार्वजनिक जागी झडती घेता येते, पण त्या माणसाबद्दल ठोस कारण लागतं, आणि कलम 50 प्रमाणे आधी सांगावं लागतं की हवं तर राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती देण्याचा तुम्हाला हक्क आहे. हे सांगणं टाळता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 2010 मध्ये विजयसिंह चंदुभा जाडेजा खटल्यात ठरवलं. खटला आपल्या गुजरातचाच.

शेजारचे काका म्हणाले, दारूबंदीचं राज्य आहे, चालायचंच. का चालायचं? शंका माझ्यावर हवी ना. मी कुणाच्या तरी मागे बसलोय, एवढ्यावर नाही.

लेक टेक्सासला असते. ती म्हणे, तिकडेही सोबतच्यांना गाडीतून उतरवतात. खरंय, 1997 पासून त्यांच्या सुप्रीम कोर्टाची त्याला मुभा आहे. पण अंग चाचपायचं तर तो माणूस सशस्त्र आणि धोकादायक असल्याचा सकारण संशय हवा, हे 2009 च्या अॅरिझोना विरुद्ध जॉन्सन निकालात आहे. तेही कपड्यांवरून, शस्त्रासाठी. कापराची पुडी बंदूक वाटणार कशी? आणि तिथे बेकायदा झडतीतला पुरावा सहसा कोर्टात टिकत नाही. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाच्या 1973 च्या पूरणमल निकालापासून झडती चुकली तरी पुरावा सहसा चालतो. मग खिशात हात घालण्याआधी थांबणार कोण, आणि कशाला?

निदान एक करा. 1 जुलै 2024 पासून संहितेच्या कलम 105 मध्ये झडती-जप्तीचं चित्रीकरण आलंय, मोबाईलवर चालतं. मोबाईल तर प्रत्येक हवालदाराकडे आहे. आधी तो चालू करा, कोणत्या कायद्याखाली झडती घेताय ते माझ्या तोंडावर बोला, मग हात घाला.

भाच्याने घरी विचारलं, "मामा, एवढं सगळं माहीत होतं तर तिथेच का नाही बोललात?"

तेव्हा कुठे माहीत होतं? आणि असतं तरी, हात वर होते रे.