महापुराविषयी मत कसे धरावे

पुराचे पाणी उंबऱ्याशी आले की शहाण्या माणसाने धान्याची पोती माळ्यावर चढवण्याआधी आपले मत पक्के करून घ्यावे, कारण भिजलेले भात उन्हात वाळवता येते. पण भलत्या पक्षाचे मत एकदा तोंडून निघाले की गावात ते कायमचे चिकटते. मत ठरवण्यासाठी आभाळाकडे बघण्याची गरज नाही. बेंगळूरु आणि मुंबईत त्या घटकेला कोणाचे सरकार आहे, एवढे पाहिले तरी पुरते. सरकार आपले असेल तर पाऊस अभूतपूर्व असतो आणि दोष हवामानबदलाचा असतो. सरकार दुसऱ्यांचे असेल तर तोच पाऊस साधाच असतो आणि धरणाची दारे मात्र चुकीच्या वेळी उघडलेली असतात.

कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात या कामी थोडे अधिक कसब लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले, तेव्हा सांगलीकडे कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाच्या फुगवट्याला आणि आपल्या बेळगावकडे महाराष्ट्रातल्या कोयना धरणाच्या विसर्गाला शिव्या पडत होत्या. अशा वेळी माहेर महाराष्ट्रातल्या शिरोळला आणि सासर कर्नाटकातल्या चिक्कोडीला असलेल्या बाईने आलमट्टीला दोष माहेरी द्यावा आणि कोयनेला सासरी. महाराष्ट्र सरकारनेच नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुराला आलमट्टी कारणीभूत नसल्याचा निष्कर्ष काढला होता; तो अहवाल दोन्ही घरी उघडू नये.

हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते आणि म्हणून पाऊस कोसळतो तेव्हा एकदम कोसळतो, असे कोणी सांगू लागलाच तर त्याला आधी त्याचा पक्ष विचारावा. अमेरिकेत ही विद्या आपल्यापेक्षा पुढे गेली आहे. तेथे फेब्रुवारी २०१५ मध्ये जेम्स इन्होफ या रिपब्लिकन सिनेटरांनी तापमानवाढ खोटी ठरवण्यासाठी भर सभागृहात बर्फाचा गोळा आणला होता. बेळगावात बर्फ पडत नाही, त्यामुळे आपण जानेवारीतल्या सकाळी कानटोपी दाखवून भागवावे. (बळ्ळारी नाल्याचे पाणी शहापूर-वडगावच्या शिवारात शिरते तेव्हा ती कानटोपी घरीच ठेवावी.)

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. उन्हाळ्यात कृष्णेचे पात्र अथणीकडे कोरडे पडते आणि महाराष्ट्राकडे पाणी सोडण्याची विनंती जाते; त्या दिवसांत कोयनेचे नाव घेताना आवाज जरा मऊ ठेवावा.