नीटचं पायताण

आमचं चपलांचं दुकान आहे. कोल्हापुरात, चप्पल लाईनीत. एवढं सांगितलं की समोरचा आधी माझ्या पायांकडं बघतो आणि मग भाव विचारतो. आमच्या घराण्याचा विज्ञानाशी आलेला सगळ्यात जवळचा संबंध म्हणजे मी दहावीला त्या विषयात काठावर पास झालो होतो. अशा घरात पोरीनं एक दिवस जेवताना जाहीर केलं, "पप्पा, मी नीट देतो."

"द्यायचं ते नीटच द्यावं," आई म्हणाली. आई म्हणजे पोरीची आज्जी. तिला वाटलं, वाढण्याबद्दल चाललंय. नीट ही डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा, हे तिला कुठं ठाऊक?

(आमच्याकडं पोरीसुद्धा 'देतो, जातो, येतो'च म्हणतात. पुण्याच्या एका गिऱ्हाईकबाईंनी दुकानात उभं राहून हिचं व्याकरण सुधारायला घेतलं होतं. त्या नादात भाव करायचा राहून गेला त्यांचा.)

फॉर्म भरला तेव्हा डिसेंबर 2019 होता आणि जगात सगळं ठीक होतं. फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत, मागं पांढरं पाहिजे, डाव्या अंगठ्याचा ठसा पाहिजे. अंगठ्याचं ऐकून आईला बरं वाटलं. "शिकलेल्यांनापण अंगठाच लागतोय की शेवटी," म्हणाली. परीक्षा होती 3 मे 2020 ला. मार्चमध्ये बारावीचे पेपर संपले, पोरगी म्हणाली, आता दीड महिना फक्त दरवाजा लावून बसतो. त्यानंतर आठवड्याभरात सगळ्या देशानंच दरवाजा लावून घेतला.

3 मेची परीक्षा गेली 26 जुलैला. 26 जुलैची गेली 13 सप्टेंबरला. लग्नाची तारीख एवढ्यांदा पुढं गेली असती तर मुलाकडच्यांचं बाहेर काहीतरी आहे म्हणून आम्ही सोयरीकच मोडली असती. इथं मोडायची सोय नव्हती. वर प्रत्येक वेळी इचलकरंजीहून मेव्हण्याचा फोन: "बरं झालं की ओ दाजी, अभ्यासाला वेळ मिळाला!" दुसऱ्या वेळी पोरीनं फोन माझ्या हातातनं घेतला आणि विचारलं, "मामा, तुम्हाला पाठवू का 180 प्रश्न? तीन तास हाईत. चुकला की एक मार्क वजा." तेव्हापासून मेव्हण्याचे फोन बायकोच्या नंबरवर यायला लागले.

आता दुकान बंद. मी घरात. अशा वेळी बापानं करायचं काय? आईचं बरं असतं, ती दूध देते. बायकोनं इतकं दूध दिलं की गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर कुणी पैलवानानं प्यालं नसेल. मी नुसताच दारातनं डोकावायचो. डोकावलं की पोरगी म्हणायची, "काय पप्पा?" मी म्हणायचो, "काय नाही." दिवसातनं असं दहा-बारा वेळा झाल्यावर तिनंच तोडगा काढला. जीवशास्त्राचं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तुम्ही विचारा, मी सांगतो."

आता त्या पुस्तकातला शब्द उच्चारायचा म्हणजे तोंडात गरम वडा धरून बोलल्यासारखं. मी 'एंडो' म्हणून थांबायचो, पुढचं ती ओळखायची. म्हणजे प्रश्न माझा, पण निम्मा प्रश्नही तीच विचारत होती. पण हाडांचा धडा आला आणि मला एकदम सूर सापडला. माणसाच्या अंगात 206 हाडं, हे ठीक. पण त्यातली 26 एकट्या एका पावलात! टार्सल म्हणजे घोट्याकडची 7, मेटाटार्सल म्हणजे मधली 5, फॅलेंजेस म्हणजे बोटांची 14. दोन्ही पावलं धरली तर 52, म्हणजे अंगातल्या हाडांचा चौथा हिस्सा चपलेत. पंचवीस वर्षं मी लोकांचे पाय हातात धरतोय आणि मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी पाय पाटावर ठेवला, पोरीनं बॉलपेननं त्यावर खुणा केल्या. आमची बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, धुऊन तरी घ्यायचे." पण त्या दिवशी या घरात माझा काहीतरी उपयोग आहे, असं मला पहिल्यांदा वाटलं. जूनमध्ये दुकान थोडंफार उघडलं तेव्हा पहिल्याच गिऱ्हाइकाला मी बोलून गेलो, "साहेब, तुमचे मेटाटार्सल रुंद आहेत, नऊ नंबर घ्या." तो घाबरून काही न घेताच गेला. त्या दिवसांत कुणाला काय झालंय म्हणून सांगायची सोयच नव्हती.

तसंही गिऱ्हाईक होतं कुठं? चप्पल लाईन अंबाबाईच्या जिवावर चालते. बाहेरगावचा माणूस दर्शन घेतो, मिसळ खातो, जाताना एक जोड घेतो. देऊळ मार्चमध्ये बंद झालं ते 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडलं. आई बंद महाद्वारासमोर रस्त्यात उभी राहून कळसाला हात जोडून यायची. मी रिकाम्या दुकानात कॅल्क्युलेटर घेऊन बसायचो. खासगी कॉलेजच्या एका वर्षाच्या फीला किती जोड विकावे लागतील हे एकदा काढून बघितलं. जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाला चार-चार पाय असते तर जमलं असतं. म्हणजे सरकारी कॉलेजला पर्याय नव्हता. हे मी पोरीला बोललो नाही. तिला ते आधीच माहीत होतं, हे मला पुढं कळलं. माझा कॅल्क्युलेटर तीसुद्धा वापरत होती.

ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की परीक्षा होणार म्हणजे होणार. मग नियम वाचायला घेतले. अर्ध्या बाह्यांचे साधे कपडे. पारदर्शक पाण्याची बाटली. सॅनिटायझर 50 मिली. आणि मग ती ओळ आली, जी मी बायकोला दोनदा वाचून दाखवली: बूट चालणार नाहीत. चप्पल चालेल.

आमच्या चपलेला 2019 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला होता. तेव्हा पेढे वाटले आम्ही, पण माझ्या गल्ल्याला त्याचा पत्ता लागला नव्हता. सरकारनं खरोखर माझ्या बाजूनं काढलेला नियम हा पहिला. मी त्याच दिवशी सुभाषनगरात कारागीर मामांकडं गेलो. मामा म्हणाले, "कापशी पद्धतीची करूया झक्कास. गोंडा लावूया." मी म्हटलं, गोंडा नको, त्यात कॉपी लपवली म्हणतील. जाड तळ नको, तो उकलून बघतील. आणि मुख्य म्हणजे वाजायला नको. आपल्या चपलेत तळाच्या दोन कातड्यांच्या मध्ये बिया घालतात, मग ती चालताना करकर वाजते आणि घालणारा गावचा पाटील वाटतो. परीक्षेच्या हॉलमध्ये पाटील वाटून चालणार नव्हतं. मामांना जरा वाईट वाटलं. "आवाजाशिवाय म्हणजे मीठ न घातलेला रस्सा की ओ," म्हणाले. पण केली त्यांनी. वादीनं शिवलेली, एक खिळा नाही. मेटल डिटेक्टर कितीही फिरवा.

शेवटचा पंधरवडा मात्र कुणावर येऊ नये. हॉल तिकिटाबरोबर एक कागद होता, त्यावर ताप नाही, खोकला नाही, असं लिहून द्यायचं आणि बापानंही सही करायची. त्या दिवसापासून आमच्या घरात शिंक हा गुन्हा झाला. आता कोल्हापुरी स्वयंपाकघरात न खोकता राहणं म्हणजे पंचगंगेत उभं राहून पाय कोरडे ठेवणं. कांदा-लसूण चटणी तेलात पडली की तिसऱ्या घरातला माणूस ठसकतो. बायकोनं फोडणीच बंद केली. आठ दिवस आम्ही बिनफोडणीची आमटी खाल्ली. तांबडा नाही, पांढरा नाही. मी एवढ्या वर्षांत आजारपणातसुद्धा इतकं फिकं खाल्लेलं नाही. तिसऱ्या दिवशी समोरच्या काकू गॅलरीतनं विचारत्या झाल्या, "तुमच्यात कुणाला झालंय काय ओ? वास येईना झालाय."

त्यात 13 सप्टेंबर पितृपंधरवड्यात. मी आईला हे सांगायचं टाळत होतो, पण तिच्या डोक्याशी कॅलेंडर असतं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेणार. पण आईचं गणित वेगळंच निघालं. "उलट चांगलं हाय. पितर सगळे आत्ता खालीच हाईत. एकाला सांगितलं तरी बास. वर गेल्यावर कुठं गाठायचं त्यांना?"

"आज्जी, त्यातल्या कुणाचं फिजिक्स चांगलं होतं काय?" पोरीनं विचारलं.

आईनं गंभीरपणे विचार केला. "तुझ्या आज्ज्याच्या थोरल्या भावानं विहिरीवर इंजिन बसवलं होतं."

परीक्षा दुपारी 2 ते 5, पण गर्दी नको म्हणून पोरांना आत सोडायच्या वेळा सकाळी अकरापासून वाटून दिलेल्या. गावाबाहेरच्या शाळेसमोर आम्ही सगळे आई-बाप अंतर राखून उभे. म्हणजे पहिली दहा मिनिटं अंतर, मग जसजशी सावली सरकली तसतसं सगळं महाराष्ट्र मंडळ एका झाडाखाली आलं. चंदगडहून पहाटे निघालेले एक गुरुजी होते. त्याच आठवड्यात राज्यानं 70:30 चा नियम काढून टाकला होता. इतकी वर्षं 70 टक्के जागा आपापल्या विभागातल्या पोरांना आणि 30 टक्के बाहेरच्यांना असायच्या. आता सगळे एका यादीत. गुरुजींनी काठीनं मातीत नकाशा काढून विदर्भ, मराठवाडा आणि आपण असं समजावलं. त्यातनं फायदा कुणाचा, यावर त्या झाडाखाली दोन पक्ष पडले, आणि पोरं अजून रांगेतच होती.

गेटवर पोरीला थांबवलं. लांबनं दिसत होतं. तिथल्या माणसानं चप्पल काढायला लावली, उलटी केली, तळ वाकवून बघितला, नखानं टोकरला. माझ्या छातीत आवाज यायला लागला, बिया माझ्यातच घातल्यासारखा. तो काहीतरी बोलला, पोरगीही काहीतरी बोलली, आणि आत गेली. पुढचे सहा तास मी तो संवाद हजार प्रकारे लिहून काढला. कुणीतरी भडंगाची पिशवी फोडली. "नको नको, दिवस कसले आहेत," असं प्रत्येकानं म्हटलं आणि पाच मिनिटांत पिशवी संपली. बायकोची एकादशी होती, तिनं फक्त सगळ्यांना सॅनिटायझर वाटलं.

पाचनंतर पोरगी बाहेर आली. मास्कवर नुसते डोळे. त्यातनं बापाला काय कळणार? बायको म्हणाली, "कसा गेला?" मी म्हटलं, "गेटवर काय म्हणाला तो?"

"त्याला पायजे हाय एक जोड. नऊ नंबर. करकर वाजणारा."

निकाल 16 ऑक्टोबरला लागला. त्या दिवशी अधिक महिन्याची अमावास्या. आईनं बजावलं, अवसेला बघायचं नाही. आम्ही तिचं कशाला ऐकतोय? पण वेबसाइटनं ऐकलं. संध्याकाळपासून ती उघडेना. गोल गोल फिरायचं, पांढरं पडायचं. कालनिर्णयात अमावास्या रात्री एकच्या सुमाराला संपत होती. सव्वा एकला पान उघडलं, म्हणजे घटस्थापनेच्या मुहूर्तावर. 591 मार्क. आई जपमाळ बाजूला ठेवून म्हणाली, "मशिनीला कळतंय, तुम्हाला कळंना."

मग दाखले. त्याबद्दल न बोललेलं बरं. एवढंच सांगतो की झेरॉक्सवाला आता मला भाऊ म्हणतो. कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना मात्र मजा आली. आईला प्रत्येक गाव देवावरनं माहीत. अंबाजोगाई म्हणजे योगेश्वरी, वर घाला. सोलापूर म्हणजे सिद्धेश्वर, आणि अक्कलकोट जवळ, तेही वर. गोंदियाला देव कोण, हे तिला आठवेना, म्हणून ते खाली. नकाशात बोट फिरवत मी गोंदियापर्यंत गेलो तेव्हा महाराष्ट्रच संपला. शेवटी मिरज मिळालं. पन्नासेक किलोमीटर. आई खूश: "मिरज म्हणजे डॉक्टरांचंच गाव. आणि तंबोरे." तंबोऱ्यांचा संबंध काय, हे आम्ही विचारलं नाही.

वर्ग सुरू व्हायला 2021 चा फेब्रुवारी उजाडला. जाताना काय काय न्यायचं त्याची यादी होती: पांढरा एप्रन, डिसेक्शनचं सामान, आणि त्याखाली, बंद बूट. चप्पल चालणार नाही.

मी यादी दोनदा वाचली. बायको तोंडाला पदर लावून हसत होती. मग काय, आमच्या तीन पिढ्यांत पहिल्यांदा राजारामपुरीत, दुसऱ्याच्या दुकानात, बाकावर बसून पादत्राण विकत घ्यायला गेलो. पोरानं बूट आणला, पोरीनं पाय घातला. मी सवयीनं खाली वाकलो आणि पुढचा भाग अंगठ्यानं दाबून बघितला.

"एक नंबर मोठा आण," मी पोराला म्हटलं. "पाच बोटांत 14 फॅलेंजेस असतात. त्यांना जागा पाहिजे."

पोरगा माझ्याकडं बघत राहिला.

"पप्पा," पोरगी हळूच म्हणाली, "गप्प बसा की ओ."